"तिला परत दवाखान्यात ठेवून ये"

पत्र:

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ज्युनियर केजीत जातो. पाच महिन्यांपूर्वी मला मुलगी झाली. तोपर्यंत हा अगदी शहाणा होता. आता बाळाजवळ त्याला एकटं सोडायची सोय नाही. चिमटे काढतो, झोपलेलीला उठवतो. मागच्या आठवड्यात मला म्हणाला, "तिला परत दवाखान्यात ठेवून ये." शाळेत एका मुलाला चावला, तेव्हा बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, "याच्या भावनिक बुद्धिमत्तेवर घरी काम करा." सासूबाई म्हणतात, दोन धपाटे घातल्याशिवाय तो सुधारणार नाही. मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला असतात. घरी आल्यावर तो रडायला लागला की हातात मोबाईल देतात, मग लगेच गप्प. परवा त्याने बाळाच्या अंगावर स्टीलचा पेला फेकला आणि माझा तोल गेला. मी त्याला मारलं. रात्रभर झोप लागली नाही. मैत्रिणीने लहान मुलांच्या "ईक्यू" म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेच्या क्लासची जाहिरात पाठवली आहे, फी भरपूर आहे. घालू का? दोन महिन्यांनी मला पतसंस्थेत कामावर परत जायचं आहे. माझा मुलगा वाईट निघाला का?

– एक आई, कराड

उत्तर:

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुमचा मुलगा वाईट निघालेला नाही. साडेचार वर्षांचं पोर वाईट निघत नसतं. त्याच्यावर काहीतरी कोसळलेलं असतं आणि ते सांगायची रीत त्याला अजून सापडलेली नसते. तुमच्या मुलाला तर ती एकदा सापडलीही होती. "तिला परत दवाखान्यात ठेवून ये," हे वाक्य पुन्हा वाचा. त्यात त्याने कुणाला मारलं नाही, काही फेकलं नाही. मनातली तक्रार सरळ शब्दांत तुमच्यापुढे ठेवली. त्यावर घरातलं कोण काय म्हणालं हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत जे होतं तेच झालं असणार: "शी, असं बोलतात का? बहीण आहे ना तुझी?" म्हणजे बोलून पाहिलं तर ओरडा बसला. चिमटा काढला की मात्र आई हातातलं काम टाकून धावत येते, आजी येते, बाबा घरी असले तर तेही उठतात. या दोन्हींतलं काय उपयोगाचं आहे, हे त्याला बरोबर कळलंय.

म्हणून मला सांगायचंय ते एवढंच. बाळाबद्दल त्याच्या मनात जे काही येतं ते सगळं तुमच्या घरात बोलायला चाललं पाहिजे, आणि बाळाला दुखवणारा हात दर वेळी, न चुकता अडवला गेला पाहिजे. दोन्ही एकाच वेळी. आपल्याकडे नेमकं उलट घडतं. मन आवर म्हणून आपण दिवसभर सांगत राहतो आणि हात सुटेपर्यंत लक्षच देत नाही.

बाईंनी डायरीत लिहिलेल्या "भावनिक बुद्धिमत्ता" या शब्दाने दडपून जाऊ नका. पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना शास्त्रीय लेखात मांडली, आणि १९९५ साली आलेल्या डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती जगभर पोचली. आपल्याला काय होतंय ते ओळखता येणं, समोरच्याला काय होतंय ते ओळखता येणं आणि त्यावर काय करायचं ते ठरवता येणं, एवढाच तिचा गाभा. मोठ्यांनाही हे आयुष्यभर पुरतं. शुद्धलेखनासारखा याचा गृहपाठ करून सोमवारी दाखवता येत नाही. पण बाईंची तक्रार खरी आहे. कुणाचं तरी मूल दुखावलं गेलंय, त्यामुळे ती मनाला लावून न घेता गांभीर्याने घ्यायला हवी.

क्लासला घालू नका. अशा जाहिरातींत हमखास एक प्रयोग सांगितलेला असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी मुलांसमोर एक गोड खाऊ ठेवला. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, असं सांगून मोठं माणूस खोलीबाहेर गेलं. जी मुलं थांबली त्यांची पुढे शाळेत प्रगती चांगली दिसली. यावरून "संयम शिकवा, आयुष्य घडवा" असा धंदा उभा राहिला. २०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी जास्त मुलांवर, वेगवेगळ्या थरांतल्या घरांतल्या मुलांवर हेच तपासलं. तो संबंध बराच क्षीण निघाला, आणि घरची परिस्थिती, घरातलं वातावरण हिशेबात धरल्यावर त्यातलं फारच थोडं उरलं. म्हणजे फिरून गाडी घरापाशीच येते. तुमच्या मुलाचं दुखणं घरात सुरू झालंय. शनिवारी सकाळी अनोळखी खोलीत हसरे-रडके चेहरे ओळखायची कार्डं खेळून ते बरं होणार नाही. उलट त्याला वाटेल, बाळ घरी ठेवलं आणि मला बाहेर पाठवलं. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम उभं केलं, तेव्हा साधनं म्हणून पानं, बिया, शिंपले, खडे असं भोवतालचंच घेतलं. मूल शिकतं ते त्याच्या रोजच्या जगातून, हा त्यामागचा विश्वास होता. तुमच्या घरातही जे लागतं ते सगळं आहे.

आता त्याच्या जागी बसून गेले पाच महिने बघू या. आई दवाखान्यात गेली आणि एका गाठोड्यासह परत आली. बघायला येणारा प्रत्येक माणूस त्याला ओलांडून पाळण्याकडे गेला. झबली, टोपडी, खेळणी सगळी तिला. बारशाला कुणीतरी मावशी-आत्या हसत हसत म्हणालीच असेल, "आता तुझे लाड संपले हं! आई आता बाळाची." मोठ्यांना ती थट्टा वाटते. साडेचार वर्षांच्या मुलाला थट्टा कळत नाही, त्याला ती बातमी वाटते. शिवाय बाळ आल्या दिवसापासून तो "मोठा" झाला. मोठ्याने रडायचं नाही, मांडीवर बसायचं नाही, हट्ट करायचा नाही. कालपर्यंत घरातला सगळ्यात लहान होता, एका रात्रीत त्याला मोठेपणाची नोकरी लागली आणि त्याला कुणी विचारलंही नाही. कृपा करून पाहुण्यांना ही थट्टा थांबवायला सांगा. स्पष्ट सांगा, वाईटपणा आला तरी चालेल.

केंब्रिजमध्ये ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक या दोघींनी चाळीस कुटुंबांचा अभ्यास केला होता, दुसरं बाळ जन्मायच्या आधीपासून. तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. बाळ आल्यावर पहिल्या मुलाचा त्रास वाढणं ही अगदी सर्रास आढळणारी गोष्ट होती, आणि आई बाळाला घेऊन बसलेली असताना तो जास्त उसळत होता. तुमच्याकडेही बहुतेक चिमटे बाळ दूध पीत असताना किंवा नुकतंच झोपलेलं असतानाच निघत असणार, पाहा लक्ष ठेवून. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ज्या आया सुरुवातीपासून मोठ्या मुलाशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलत होत्या, म्हणजे "ती का रडतेय रे? भूक लागली असेल की झोप आली असेल? तुला काय वाटतं?" असं विचारत होत्या, त्या घरांत पुढे भावंडांचं जास्त चांगलं जमलं. यात उपदेश कुठेच नाही. मुलाला सल्लागार करून घेतलंय. बाळ ही त्याच्यावर लादलेली जबाबदारी न राहता दोघांनी मिळून उलगडायची गोष्ट होते.

आता प्रत्यक्ष प्रसंग घेऊ. संध्याकाळची वेळ. बाळ गोधडीवर, तुम्ही शेजारी तिचे कपडे घड्या घालताय. हा गाडी फिरवत फिरवत जवळ येतो, एकदा तुमच्याकडे बघतो आणि चटकन तिच्या दंडाला हात घालतो. लांबून ओरडू नका. उठा, त्याचं मनगट धरा. पिरगाळायचं नाही, फक्त थांबवायचं. खाली बसा, तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येऊ द्या. आवाज न चढवता म्हणा, "हात थांबवला मी. चिमटा काढू देणार नाही. तिला लागतं." आणि थांबा. चौथं वाक्य, पाचवं वाक्य, "किती वेळा सांगितलं", "चांगली मुलं असं करतात का", यातलं काहीही नको. त्या क्षणी त्याच्या कानांत शिरत नाही ते. दोन श्वास जाऊ द्या, मग: "तुला राग आलाय. मघापासून मी तिच्याच कपड्यांत बसलेय." बहुतेक तो म्हणेल, "मला ती नको." इथे खरी परीक्षा तुमची आहे. "असं म्हणू नये" हे जिभेवर येईल, ते गिळा. म्हणा, "ती नसती तर आई तुझ्या एकट्याची असती, असं वाटतं ना?" आता तो रडेल. रडू द्या. हे रडणं चिमट्यापेक्षा फार चांगलं आहे, कारण चिमट्यामागे हेच अडलेलं होतं. जवळ घेऊ दिलं तर घ्या, नाही घेऊ दिलं तर शेजारी बसा. साधारणपणे अशी लाट काही मिनिटांतच ओसरते, तुम्ही मध्ये इंधन घातलं नाहीत तर.

हे पहिल्या दिवशी जमणार नाही आणि आठवड्यातून चार वेळा जमलं तरी पुष्कळ झालं. बाळाला आणि त्याला एका खोलीत एकटं मात्र ठेवू नका, अगदी दूध उतू जात असलं तरी. त्याच्यावर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. त्याच्या हातून भलतंच काही घडलं तर ते त्याच्याच मनावर कायमचं बसेल, त्यापासून त्यालाही वाचवायला हवं.

त्याला शब्दही द्या. राग हा एकच शब्द मुलांना फार लवकर मिळतो, मग सगळंच राग होऊन जातं. घास नको असतानाचं वैतागणं वेगळं, मित्राने खेळायला न घेतल्यावर हिरमुसणं वेगळं, बाळाचे लाड बघून वाटणारा हेवा वेगळा, अनोळखी पाहुण्यांत कावरंबावरं होणं वेगळं. हे शब्द शिकवायला बसायचं नसतं, ते जाता जाता वापरायचे असतात. "डब्यात भेंडी बघून खट्टू झालास?" "आजी गावाला गेली म्हणून करमत नाहीये का?" अंदाज चुकला तरी हरकत नाही. "नाही, मला भूक लागलीय," असं तो म्हणाला तर उत्तमच, स्वतःच्या आत डोकावून त्याने तुमची चूक दुरुस्त केली. आणि तुमच्याबद्दलही बोला. "आज मला झोप झाली नाही म्हणून चिडचिड होतेय, तुझ्यामुळे नाही." हे "तुझ्यामुळे नाही" फार गरजेचं आहे, कारण आई गप्प दिसली की या वयातली मुलं कारण स्वतःपाशी शोधतात.

सासूबाईंकडे येते. "आई, तुमचं चुकतंय, तज्ज्ञ असं सांगतात," म्हणून या लेखाचं कात्रण त्यांच्यापुढे ठेवू नका. त्यांनी मुलं वाढवली आहेत, त्यांचा मान राहिला पाहिजे, आणि दोन महिन्यांनी दोन्ही पोरं त्यांच्याच भरवशावर असणार आहेत. त्यांच्याकडे एक मोठं साधन आहे, काऊ-चिऊची गोष्ट. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं. तो भिजत चिमणीच्या दारात आला. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." "चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला तीट लावते." "थांब, बाळाला निजवते." ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो आणि चिमणीच्या बाजूनेच सांगतो. पण तुमच्या घरात आत्ता दाराबाहेर कोण उभं आहे? दिवसातून कितीदा त्याला "थांब, बाळाला..." ऐकावं लागतं?

सासूबाईंना विनंती करा की रात्री झोपताना हीच गोष्ट सांगा, आणि मध्ये थांबून विचारा, "बाहेर भिजताना काऊला काय वाटलं असेल रे?" एवढंच. उत्तर सुचवायचं नाही, तात्पर्य काढायचं नाही. बालवाडीत ही गोष्ट अशी थांबून सांगितली की मुलं जे बोलतात ते मी ऐकलंय. कुणी म्हणतं काऊला थंडी वाजली, कुणी म्हणतं काऊला रडू आलं, कुणी एकदम घुश्शात म्हणतं, काऊने दार तोडून टाकायला पाहिजे होतं. हे तिसरं उत्तर आलं तर आजीने दचकू नये. "इतका राग आला होता का काऊला?" असं म्हणावं. गोष्टीतल्या कावळ्याआडून मूल जे बोलतं ते समोरासमोर कधी बोलणार नाही. मग एखाद्या रात्री विचारता येईल, "चिऊ आतून काय म्हणाली असती तर काऊला बरं वाटलं असतं?" त्याचं उत्तर नीट लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी बाळाला पाजताना तेच वाक्य त्याला म्हणता येईल. शेवट तुमच्या घरात जसा सांगतात तसा सांगा, पण कावळा चुलीपाशी शेकून उबेला बसला असा शेवट या घरासाठी बरा.

सासूबाईंना आणखी एक सांगायचं आहे, आणि हे मिस्टरांनी सांगितलं तर जास्त बरं, आपल्या लेकाचं त्या ऐकतील. मूल पडलं की आपण म्हणतो, "कुणी मारलं माझ्या बाळाला? या फरशीने? थांब, तिला हत् करू." आणि फरशीवर दोन चापट्या. मायेपोटीच करतो आपण. पण यातून पोराला धडा मिळतो की मला लागलं म्हणजे कुणीतरी दोषी आहे आणि त्याला मारलं की दुखणं थांबतं. तसंच "मुलगा असून रडतोस?" आणि "गप्प बस नाहीतर बागुलबुवा येईल" या दोन वाक्यांचं. रडायला बंदी, भीतीची भीती. मग त्याच्यापाशी उरतो फक्त राग, कारण मुलग्याच्या रागाला आपल्याकडे फारसं कुणी अडवत नाही, कधी कधी कौतुकही होतं. तुमच्या मुलीला पाच वर्षांनी याच्या उलट ऐकावं लागेल, रडलेलं चालेल पण चिडलेलं चालणार नाही. दोघांसाठीही आत्ताच हे थांबवू या.

"तिला कसं वाटेल याचा विचार कर" असं आपण मुलांना म्हणतो तेव्हा त्यांचं वय विसरतो. ऑस्ट्रियातले हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांनी १९८३ साली एक सोपी युक्ती मांडली, ती तुम्ही घरीच करून बघा. बाहुला लाडू निळ्या डब्यात ठेवून खेळायला गेला. तो नसताना आजीने लाडू लाल डब्यात हलवला. बाहुला परत आला, लाडू कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं लाल डबा दाखवतात, कारण लाडू तिथे आहे हे त्यांना ठाऊक असतं. जे मला ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक. चारच्या पुढे हळूहळू कळू लागतं की दुसऱ्याच्या डोक्यात वेगळं काही असू शकतं. तुमचा मुलगा नेमका या उंबरठ्यावर आहे. शांत असताना त्याला हे जमेल, संतापात असताना आज आलेलं उद्या हातून निसटेल. म्हणून "तिला कसं वाटेल" हा प्रश्न भांडणाच्या ऐन मध्यात विचारू नका. संध्याकाळी, पोट भरलेलं असताना, गोष्टीत विचारा.

"सॉरी म्हण" हेही सोडा. बळजबरीने म्हणून घेतलेलं सॉरी म्हणजे टोल भरण्यासारखं होतं, भरला की पुढे जायला मोकळे. त्याऐवजी काहीतरी करायला द्या. बाळाला लागलं तर ओला रुमाल आणून दे. पेला फेकला तर तो उचलून ओट्यावर ठेव, मी तुझ्याबरोबर येते. शाळेतल्या त्या मुलासाठी घरी चित्र काढायचं का, त्याला विचारा. नको म्हणाला तर आज राहू दे.

आता तुम्ही त्याला मारलंत त्याबद्दल. रात्रभर जागून त्याची भरपाई होणार नाही, पण ती करणं अवघड नाही. अजून बोलला नसाल तर उद्या बोला. "परवा मी तुला मारलं. मला खूप भीती वाटली होती, बाळाला लागेल म्हणून. पण मारायला नको होतं. पुन्हा असा राग आला तर मी आधी बाजूला जाऊन पाणी पिईन." त्यापुढे "पण तू पण..." जोडू नका, सगळं पुसलं जाईल. कुठलीही आई सतत जुळवून घेत नसते. विस्कटतं आणि पुन्हा जुळतं, आणि जुळतं हे बघायला मिळाल्यानेच मूल सावरायला शिकतं. धपाट्यांचा सल्ला मात्र मनातून काढून टाका. तू बाळाला मारू नकोस, असं सांगत आपण त्याला मारायचं, यातून त्याला एवढंच कळेल की मोठं झालं की मारता येतं. आणि त्याला तर सगळे सांगताहेत की तू मोठा झालास.

मिस्टरांना दोष देणार नाही. शिफ्ट करून दमून आलेल्या माणसाला घरात पाच मिनिटं शांतता हवी असते आणि मोबाईल ती देतो. पण रडू आलं की पडदा समोर येत असेल, तर रडू आल्यावर स्वतःला सावरायचा सराव त्या मुलाला मिळायचा कधी? मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरांत हेच पाहिलं. शांत करायला वारंवार मोबाईल किंवा टॅबलेट दिला जात होता तिथे मुलांची भावनिक उसळी पुढच्या महिन्यांत वाढलेली दिसली, आणि मुलग्यांत ते जास्त ठळक होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेप्रमाणे या वयाला दिवसाकाठी पडद्यासमोर तासाभरापेक्षा जास्त वेळ नको, आणि झोप दहा ते तेरा तास हवी. तुमच्या पत्रात त्याच्या झोपेचा उल्लेख नाही. बाळाच्या रात्रीच्या रडण्याने त्याची झोप मोडत असेल तर अर्धी चिडचिड तिथली आहे, त्याला काही दिवस बाबांजवळ झोपवून बघा.

बाबांनी घरी आल्यावर फार काही करायची गरज नाही. दहा मिनिटं त्याला पाठुंगळी घ्या, गादीवर कुस्ती खेळा, आणि "बस" म्हटलं की दोघांनी लगेच थांबायचं एवढा एकच नियम ठेवा. जोर लावायचा आणि थांबायचं, हे अंगाने शिकण्याची याहून चांगली जागा नाही. आणि जेवताना स्वतःचं सांगा. "आज लाईनवर मशीन बंद पडलं, साहेब ओरडले, मला फार राग आला. मग मी बाहेर जाऊन तोंड धुतलं." वडिलांच्या तोंडून हे ऐकलेल्या मुलाला राग आला की काय करतात ते वेगळं शिकवावं लागत नाही.

तुम्ही स्वतः रोज पंधरा-वीस मिनिटं फक्त त्याच्यासाठी काढा. बाळ आजीकडे, दार लोटलेलं, खेळ तो सांगेल तो. या वेळेला नाव द्या, म्हणजे दिवसभर त्याला त्याची वाट बघता येईल. त्याने चिमटा काढला त्या दिवशीही हा वेळ रद्द करायचा नाही. तो बक्षीस नाही, त्याचा हक्क आहे.

कामावर जाण्याची तयारी आत्तापासून करा. कितीतरी घरांत आई मुलाचं लक्ष नसताना मागच्या दाराने सटकते, रडणं नको म्हणून. त्या दिवसापुरतं रडणं टळतं, पण नंतर मूल आईला नजरेआड होऊच देत नाही, कारण ती कधीही नाहीशी होऊ शकते हे त्याला कळलेलं असतं. सांगून जा. "आजी चार वाजता दूध देईल, मग तुम्ही अंगणात खेळाल, दिवेलागणीला मी येईन." तो रडला तरी हात हलवून, शांतपणे निघा. सुरुवातीला अर्धा तास बाजारात जाऊन या, मग दोन तास. आणि दोन्ही मुलांना एकाच वेळी सांभाळायला सासूबाईंना दुपारी तासभर तरी मदतीला कुणी मिळालं तर बघा, त्यांचंही वय आहे. दमलेल्या माणसाच्या हातून धपाटा लवकर सुटतो.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, ती मला खटकली. रात्रभर झोप लागली नाही. बाळंतपणानंतर अजून झोप उडालेली असेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला लागत नसेल, सारखं रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते सहन करत बसू नका. तुमच्या डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुलाच्या बाबतीतही, त्याचं आकांडतांडव पुन्हा पुन्हा अर्ध्या तासाच्या वर जात असेल, तो स्वतःलाच मारून घेत असेल, बोलणं किंवा खेळणं कमी झालं असेल, किंवा दोन-तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मुलांच्या वाढीची आणि वागण्याची तपासणी करणारं केंद्र असतं, तिथे पैसे पडत नाहीत. क्लासच्या फीपेक्षा तो रस्ता खात्रीचा.

राहता राहिली डायरी. बाईंना उत्तर लिहा, असं काहीसं: "घरी पाच महिन्यांचं बाळ आहे, त्याचा परिणाम दिसतो आहे. तो चावला ती वेळ कोणती होती, त्याआधी काय झालं होतं, हे कळवाल का? घरी आम्ही 'हात थांबव, तोंडाने सांग' एवढं एकच वाक्य वापरतो. वर्गातही तेच वापरलंत तर त्याला सोपं जाईल. ज्या दिवशी त्याने तोंडाने सांगितलं त्या दिवशी तेही डायरीत लिहा, मी त्याला वाचून दाखवेन." ज्या मुलाला चावला त्याच्या आईला शाळेच्या गेटवर भेटून तुम्ही स्वतः बोला. त्या वेळी मुलाला शेजारी उभं करू नका, ते बोलणं तुम्हा दोन आयांमधलं आहे. पतसंस्थेत रुजू झाल्यावर पहिला पंधरवडा कसा गेला ते मला जरूर लिहा, बाईंचं काय उत्तर आलं तेही.